वरपक्षानं नाव न ठेवलेलं घर

दिवाळी तोंडावर आली की गल्लीतल्या भिंतींना चुना लागतो आणि माझं डोकं आपोआप धंद्याकडे वळतं. येणारेजाणारे म्हणतात, "वा, घर कसं उजळलं!" मी मात्र थांबून पाहतो, हा चुना सणाचा आहे की काही झाकायचा. धंदा सुटला, गुडघे गेले, पण ही खोड काही गेली नाही. परवा व्याह्यांकडे गेलो होतो. त्यांच्या नव्यानं सारवलेल्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून पाहिलं. व्याही हसले. विहीणबाई हसल्या नाहीत.

मी घरांचा दलाल होतो. वाशीम तेव्हा अकोल्याचा एक तालुका. वाशीम, मालेगाव, केनवड आणि पलीकडे मंगरूळकडची गावं, एवढा माझा मुलूख. दलाल हा शब्द उच्चारताना लोकांचं तोंड जरा वाकडं होतं, पण घर विकायची वेळ आली की त्याच तोंडानं "या, बसा, पान खा" असं होतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून" अशी आपल्यात म्हण आहे. घर पाहावं विकून, असं काही कुणी म्हणून ठेवलेलं नाही. म्हण रचणाऱ्यावर ती पाळी आली नसावी.

लोकांना वाटतं, दलालाचं काम जिभेचं. जीभ लागतेच, पण ती सौद्याच्या दिवशी. त्याआधीचं सारं काम डोळ्यांचं. घर विकायला काढलं की मालकाला एक विचित्र आजार जडतो. ज्या मातीच्या छताखाली तो जन्मभर गळतीला परात लावून झोपला, त्याच घराचा त्याला एकाएकी उमाळा येतो आणि नको तिथं तो पैसा ओतत सुटतो. त्याला आवरणं, हे माझं पहिलं काम.

केनवडला असे एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, त्यांचा नातू अजून मला रामराम घालतो. घर भक्कम, पुढं ऐसपैस गोठा. पण ह्यांनी अकोल्याला कुणा साहेबाचा बंगला पाहिलेला. मला विचारायच्या आधीच गोठा पाडला आणि तिथं बैठकीची खोली काढून खिडक्यांना लाल-हिरव्या काचा बसवल्या. मी कपाळाला हात लावला. पुढच्याच हप्त्यात एक शेतकरी घर पाहायला आला तो आपला बैल घेऊन.

"पाव्हनं, बैल बाहीर बांधा ना," मालक म्हणाले.

"बाहीर कायले? घर त्यालेच दाखवाले आनलं," पाहुणा म्हणाला आणि बैलाला दारातून आत घेऊ लागला. "मानूस वाकून जाते भाऊ, बैल नाई वाकत. गोठा कुठी हाय?"

"गोठ्याची बैठक केली. हे पाहा, रंगीत काच. ऊन आलं की जमिनीवर कशी नक्षी पडते!"

पाहुण्यानं नक्षी पाहिली. बैलानंही पाहिली, फुरफुर केली आणि चार पावलं मागं सरला.

"मंग बैलाले का काचीतून दिवाळी दाखवू?" असं म्हणून तो कासरा धरून चालता झाला. त्या काचा काढून तिथं पुन्हा दावण घातली तेव्हा कुठं ते घर गेलं. काचा अजून माझ्या माळ्यावर आहेत. मालकानं त्या मला रागानं बक्षीस दिल्या होत्या.

आमच्या भागातली घरं बहुतेक धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, सऱ्यांवर फळ्या आणि त्यावर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती पाणी पीत नाही, मात्र दर उन्हाळ्यात नवी टाकून चोपावी लागते. गिऱ्हाईक तोंडानं भिंतीचं कौतुक करतं आणि डोळ्यानं वर सरे पाहत असतं. एकाही सऱ्यावर ओलीचा काळा डाग दिसला की संपलं. म्हणून माझा क्रम ठरलेला असे, आधी धाबं, मग विहीर, मग मोरी. विहिरीचा गाळ काढा आणि दोर नवा लावा, कारण गिऱ्हाईक स्वतः पोहरा ओढून पाणी चाखल्याशिवाय हलत नाही. मोरीचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात शिरत असेल तर आधी ती वाट बदला, नाहीतर जन्मभर मुका असलेला शेजारी नेमका सौद्याच्या दिवशी बोलता होतो. बाकीची हौस घेणाऱ्याला करू द्यावी. त्यालाही काहीतरी सुधारायला हवं असतंच.

चुन्याच्या बाबतीत मी फार कडक होतो. आमच्याकडे भिंतीला चुना लागणार तो दिवाळीला, नाहीतर घरात लग्न असेल तेव्हा. या दोन्हींवाचून एखादी भिंत पांढरी झाली की सारं गाव विचारात पडतं. आणि गाव विचारात पडलं की गिऱ्हाईक मागच्या पावली परत जातं. हे मी दर मालकाला घसा कोरडा करून सांगायचो. गिरजाबाईंनाही सांगितलं होतं.

गिरजाबाई मालेगावच्या कासारीण. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा गेल्यावर बांगड्यांची पेटी त्यांनी स्वतः उचलली. विधवा बाईनं सवाष्णींना चुडा भरावा का, यावर सुरुवातीला चार बायका कुरकुरल्या, पण त्यांचा हात इतका हलका की नव्या नवरीलाही काच टोचत नसे. मग कुरकुर करणाऱ्याच आधी हात पुढं करू लागल्या. बाई बोलायला सडेतोड, कामाला वाघीण. एकुलती एक लेक, यशोदा. ती आसेगावला दिलेली.

उन्हाळा लागता लागता त्यांनी मला बोलावलं आणि ओट्यावर बसवून म्हणाल्या, "भाऊ, हे घर इकून द्या. पान्याच्या आधी."

"एवढी घाई काहून?"

घाईचं कारण मोठं होतं. यशोदाला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाळणा रिकामाच राहिला. आता तिसरी खेप. सुईणीनं बजावलं होतं की पोरीला बैलगाडीत बसवायचं नाही, धक्का लागता कामा नये. म्हणजे तिला बाळंतपणाला मालेगावला आणता येत नव्हतं. सासरी सासू नाही, जाऊ नाही. जावई किसन मनानं सोन्यासारखा, पण सोनं काही बाळंतीण सांभाळत नाही. आईनंच जायला हवं होतं.

"मग जा ना बाई," मी म्हणालो. "त्याच्यासाठी घर कायले इकता? जवाई का तुमाले हाकलून देईन?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अभद्र बोललो.

"लेकीच्या घरचं पानी तरी पेते का कोनी, भाऊ?"

जुन्या वळणाच्या लोकांत ही रीत पक्की होती. लेकीच्या सासरी आईबापानं अन्नपाणी घ्यायचं नाही. तिची कूस उजवेपर्यंत तर नाहीच. सकाळी जायचं, पोरीला डोळे भरून पाहायचं, तहान लागली तर शेजारच्या घरी पेलाभर पाणी मागायचं आणि ऊन कलताना परत निघायचं. गिरजाबाईंना तर तिथं महिनोन्महिने राहायचं होतं. त्यासाठी स्वतःची चूल हवी, स्वतःचा माठ हवा. लेकीच्या घरासमोरच एका म्हातारीची खोली विकाऊ होती, ती त्यांनी हेरून ठेवली होती. मालेगावचं घर गेलं तरच ती हाती येणार. आणि एकदा पाऊस लागला की आमच्या काळ्या मातीत गाडीचं चाक तुंब्यापर्यंत, म्हणजे अर्धंअधिक, रुतून बसतं. मग आसेगावची वाट दिवाळीपर्यंत बंद. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

"दोन डाव मी पोचली नाई," त्या म्हणाल्या. "आता पोचाच लागते." एवढं बोलून त्या उगाच पेटीतल्या बांगड्या इकडच्या तिकडं लावत बसल्या.

मी घर हिंडून पाहिलं. विहिरीचं पाणी गोड होतं. मोरी ठीक. धाबं मात्र दोन वर्षं चोपलेलं नव्हतं. मी सांगितलं, धाब्यावर माती टाका, विहिरीचा दोर बदला, ओटा सारवा आणि दुसऱ्या कशालाही हात लावू नका. त्यांनी मान डोलावली. मी रिसोडकडे एका सौद्यासाठी गेलो.

परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच डोळे दिपले. घर पांढरंशुभ्र, त्यात निळीची छटा. खाली हातभर गेरूचा पट्टा, दाराच्या दोन्ही अंगांना दोन मोर, वर वेलबुट्टी. बांगड्यांच्या रंगात मुरलेली नजर, मोर असे उतरले होते की आता पिसारा फुलवतील. धाब्यावर मात्र चिमूटभर माती पडलेली नव्हती.

"बाई, हे काय केलं?"

"काहून? बेस नाई दिसत? गिऱ्हाईकानं पाह्यताबरोबर हो म्हनलं पायजे."

"गिऱ्हाईकाचं जाऊ द्या. गाव का म्हनन?"

गाव काय म्हणणार ते दोन दिवसांत कळलं. वैशाख महिना, लग्नसराई आणि भिंतीला चुना. म्हणजे लग्न. आता घरात माणूस एकटी गिरजाबाई. लेकीचं लग्न झालेलं. मग लग्न कुणाचं? विहिरीवर एका बाईनं भुवई उडवली, दुसरीनं हं केलं, आणि संध्याकाळपर्यंत गिरजाबाईंनी पाट लावायचं, म्हणजे दुसरं लग्न करायचं, पक्कं झालं. नवरा मुलगा कोण यावर तेवढा वाद होता. कुणी म्हणे शेलूचा विधुर, कुणी म्हणे चुनाभट्टीवाला, चुना फुकट मिळाला त्या अर्थी. माझ्या घरी तर मंडळींनी, म्हणजे बायकोनं, मला सरळ विचारलं, "तुमी रोज कायले जाता त्या गल्लीत?" मी जेवणाच्या ताटावरून उठणारच होतो, पण त्या दिवशी झुणका होता.

गंमत सोडली तर धंद्याचा पार विचका झाला. दोन गिऱ्हाईकं आणली. दोघांनीही आत पाऊल टाकायच्या आधी विचारलं, "चुना कायचा लावला?" विकायसाठी लावला म्हटलं तर ते विश्वास ठेवीनात. पहिला म्हणाला, लग्नघर कोणी विकत नाही, म्हणजे लग्न मोडलं असेल. दुसरा त्याच्या पुढं गेला. लग्न मोडलं म्हणजे घरच अपशकुनी. ओलाव्याला माती आहे, गाळाला फावडं आहे, पण असल्या बोलण्यावर कुठल्याच गवंड्याकडे इलाज नाही. वैशाखाचं ऊन तापत होतं आणि गिरजाबाई रोज आभाळाकडे पाहत होत्या.

बाजाराच्या गाड्यांबरोबर ही बातमी आसेगावला पोचली. एका दुपारी किसन दारात उभा. घामानं भिजलेला, चेहरा तांबडा. ओट्यावर बसला, आत जाईना. मी तिथंच होतो. गिरजाबाईंनी तांब्या पुढं केला.

"पानी घ्या, जवाईबुवा."

"पानी नाई. आधी सांगा, मी का आयकून राह्यलो? यशीनं दोन दिस झाले, घास नाई घेतला तोंडात."

लेकीनं घास घेतला नाही हे ऐकलं आणि बाईंचं सारं अवसान गेलं. त्या दारातच खाली बसल्या. बोलणं मलाच भाग पडलं. मी त्याला सगळं सांगितलं, की घर विकायचं आहे, समोरची खोली घ्यायची आहे, चुना लग्नाचा नसून हौसेचा आहे. यशोदानं नको म्हटलं असतं म्हणून आईनं तिला काही कळवलं नव्हतं.

किसननं दाराशेजारच्या मोराकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याच घरी राहा ना मामी. मले का दोन भाकरी जड झाल्या?"

"भाकरी नाई जड, बाप्पा. रीत जड हाय."

त्यानं तांब्यातलं पाणी घटाघट प्यायलं, मान वर करून सरे पाहिले, आणि काळा डाग त्याला दिसलाच.

"हे गळते," तो म्हणाला. "गळत्या घराले कोन घेईन? घमेलं कुठी हाय?"

गिरजाबाई म्हणाल्या, जावयानं सासूच्या धाब्यावर चढणं शोभत नाही. तो म्हणाला, शोभायचं होतं ते तुमच्या मोरांनी सारं संपवलं. तो राहिला आणि खाऱ्या मातीच्या गाड्या आणून त्यानं धाबं असं चोपलं की आवाज बाजारात ऐकू जाई. जावई सासूचं धाबं चोपतोय हे पाहायला गल्लीत गर्दी जमे. लोक हसत, तो वरून त्यांना हसे. निघताना यशोदासाठी आईनं लाडू दिले. "आता जेव म्हना. अन् सांगा, माय येऊन राह्यली." तो गेला तेव्हा धाबं तयार होतं. गिऱ्हाईक मात्र अजून एकही नव्हतं.

आणि मग सीतारामजी आले. हे गिरजाबाईंचे शेजारी, चार घरं पलीकडे राहणारे. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, वऱ्हाड केनवडहून यायचं. वरपक्षाला उतरायला जे घर वधूपक्ष देतो त्याला आमच्याकडे जानोसा म्हणतात. सीतारामजींनी ठरवलेल्या घरात ऐनवेळी सुतक आलं. दुसरं रिकामं, धडधाकट घर गावात नव्हतं. होतं ते हे एकच, लग्नासाठी रंगवल्यासारखं.

"बाई, तुमचं घर जानोशाले द्या. पोरीची अब्रू हाय," ते हात जोडून म्हणाले.

मी बाईंना डोळ्यांनी खुणावत होतो, नको. लग्नाचं वऱ्हाड म्हणजे टोळधाड. भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या, अंगणात चुली, न्हाणीत चिखल. शिवाय वरपक्ष म्हणजे नाव ठेवण्याचा परवाना घेऊन आलेली माणसं. वरण पातळ, पाणी गरम, बाज टोचते. तीन दिवसांत घराला इतकी नावं ठेवतील की पुढं ते कुत्र्यालाही विकता येणार नाही.

गिरजाबाईंनी माझी खूण पाहिली आणि बाजूला सारली. "लेकीचं लगन हाय, भाऊ. त्याले नाई कसं म्हनू?"

मी चिडलो. मी सांगतो तसं करा, नाही केलं तर मग माझ्याकडं रडायचं नाही, असं काहीबाही बोलून निघून आलो. लग्नाला मात्र गेलो, आमंत्रण होतं म्हणून.

वऱ्हाडात नवरदेवाचे मामा होते, भुजंगराव. धिप्पाड, मिशाळ, आणि जगात चांगलं काही उरलेलं नाही अशी ठाम समजूत. वेशीवर उतरताच म्हणाले, वाजंत्री पडसं झाल्यासारखी वाजून राह्यली. मग गुळपाणी कोमट निघालं. मांडव बुटका होता. सीतारामजी बिचारे त्यांच्या मागं हात जोडून धावत होते. आता जानोशाला काय म्हणतात याच्याकडे सगळ्यांचा जीव लागला. भुजंगराव आत गेले, विहिरीवर आंघोळ केली, ओट्यावर बाज टाकून आडवे झाले आणि घोरू लागले. सगळ्यांना वाटलं, उठल्यावर बोलतील.

दुसऱ्या दिवशी जेवणं चालू असताना वळीव आला. धूळ, वारा आणि मग पाऊस. मांडव फडफडला, पत्रावळी उडाल्या, आणि मुलीकडचे, मुलाकडचे, वाजंत्रीवाले, आचारी सारे जीव घेऊन जानोशात घुसले. सीतारामजींचं स्वतःचं घर दोन ठिकाणी गळलं. समोरच्या देवळाचं छतही टपटपलं. ह्या घरात दाटीवाटीनं एवढी माणसं उभी, सगळ्यांच्या माना वर. पाणी धाब्यावर ताशासारखं वाजत होतं, पण आत एक टिपूस नाही. मी आचाऱ्याच्या आणि सनईवाल्याच्या मध्ये चेंगरलो होतो आणि मनातल्या मनात किसनला आशीर्वाद देत होतो.

वऱ्हाड निघायच्या सकाळी भुजंगराव ओट्यावर उभे राहिले आणि गरजले, "हे घर कोनाचं हाय?"

सीतारामजींचा चेहरा उतरला. गिरजाबाई पदर सावरून पुढं आल्या. "माह्यं हाय."

"बाई, दोन दिस झाले, मी या घराले नाव ठेवाले पाहून राह्यलो. काहीच सापडून नाई राह्यलं." बोलताना त्यांना खरोखर त्रास होत होता. "पानी गोड, ओटा थंड, वरून थेंब नाई. धाबं कोनं चोपलं?"

"जवायानं."

"जवायानं सासूचं धाबं चोपलं?" भुजंगरावांनी एकदा वर पाहिलं, एकदा बाईंकडे. "मंग हे घर गळनारच नाई. सीतारामजी म्हनतात, इकाऊ हाय. खरं का? माह्या पोराले मालेगावात दुकान टाकाचं हाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दलालाची जीभ अशाच वेळेसाठी असते, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी नुसता मोरांकडे पाहत उभा होतो. सनईवाल्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा मी पुढं झालो. सौदा तिथंच, ओट्यावर, हळदीकुंकवानं माखलेल्या माणसांच्या गराड्यात झाला. भुजंगरावांची एकच अट होती. मोर पुसायचे नाहीत.

पुढं बरीच वर्षं मी लोकांना सांगत असे, घर विकायचं तर एकदा त्याच्यात वऱ्हाड उतरवा. लोकांना ती थट्टा वाटे.

गिरजाबाई मृगाच्या आधी आसेगावला पोचल्या. गाडीत चूल होती, माठ होता, बांगड्यांची पेटी होती. समोरच्या खोलीचं धाबंही किसननं चोपून ठेवलेलं. पावसाळाभर वाट बंद होती, त्यामुळे मला काही कळलं नाही. आसेगावकडचा एखादा घोडेस्वार भेटला तरी मी विचारायचो. वाईट बातमी असेल तर कानावर येऊ नये असंही वाटायचं. भादव्यात एक माणूस चिखल तुडवत आला आणि त्यानं सांगितलं, यशोदाला मुलगी झाली. आई, पोर, दोघी खुशाल. मी मंडळींना शिरा करायला सांगितला. "कोनाची कोन?" त्या म्हणाल्या, पण तूप नेहमीपेक्षा जास्त घातलं.

दिवाळीला वाट मोकळी झाली आणि मी आसेगावला गेलो. खरं सांगायचं तर धंद्यासाठीच गेलो. तिथल्या एका दुकानदाराला गिरजाबाईंची ती खोली माल ठेवायला हवी होती आणि तो चांगला भाव द्यायला तयार होता. मी हिशेब केला, आता लेकीची कूस उजवली, रीत फिटली, बाईंना लेकीच्या घरचं पाणी चालेल. मग खोली कशाला अडवून ठेवायची? दोघांचंही भलं.

सकाळची वेळ. खोलीला ताजा चुना, दाराशी एक छोटा मोर. गिरजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. नजर समोरच्या दाराकडे. मी रामराम केला आणि लगेच गिऱ्हाईकाचं बोलून टाकलं. जिभेला वळणच तसं.

"आता पानी चालते ना, बाई?"

"चालते. कालच पेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "थांबा जराक. लेक येऊन राह्यली."

समोरचं दार उघडलं. यशोदा बाहेर आली, नवं लुगडं नेसलेली, कडेवर गुंडाळलेलं पोर. मागं किसन, डोक्याला पागोटं, अंगात धुतलेला अंगरखा, खांद्यावर तिची पेटी, अगदी गावाला निघाल्यासारखा. गल्ली ती केवढी, बैलगाडी वळवली तर दोन्ही भिंतींना घासेल. ती तिघं सावकाश चालत ती ओलांडून आली. गिरजाबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं. मग लेकीला अशी पोटाशी धरली, जणू ती फार लांबून, फार वर्षांनी आली आहे.

किसननं पेटी उंबऱ्यात ठेवली. "घ्या मामी, आनून सोडली. न्याले कवा येऊ?"

"दिवाळी होऊ द्या. लय दिसानं माहेराले आली पोरगी."

"अन् मी?"

"तुमी जवाई हाव. जेवाले या रोज."

तो हसत हसत, मोकळ्या हातानं गल्ली ओलांडून आपल्या घरी गेला. दार लावण्याआधी त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

गिरजाबाईंनी नात माझ्यापुढं धरली. इवल्या मनगटात काळ्या बांगड्या, दोन्ही हातांत. मग त्या म्हणाल्या, "आता तुमीच सांगा भाऊ. हे इकलं तं पोरगी माहेराले कुठी येईन?"

मी जन्मभर धाबं पाहिलं, विहीर पाहिली, मोरी पाहिली. कितीतरी घरं विकली आणि चांगली विकली याचा अभिमान आहे. पण घर विकणाऱ्याची लेक पुढल्या दिवाळीला कुठं जाईल, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते फार लागलं.

बाजारात दुकानदार वाट पाहत होता. मी सांगितलं, खोली विकाऊ नाही.

"काहून? काही खोट हाय का तिच्यात?"

"खोट नाई बावा," मी म्हणालो. "माहेर हाय थे."